खुशबूचे मासे

“जेवले का, आबाजी?”

“जेवलो नं, बेटा. वरन-भात केला होता, अन् देवकाबाईनं वांग्याची भाजी देली.”

“तुम्ही नाही. मासे जेवले का?”

परसरामने मोबाइल वळवून काचेच्या टाकीसमोर धरला. चारही मासे मागच्या कोपऱ्यात, हवेच्या नळीपाशी एकमेकांना खेटून उभे होते. रुपेरी अंगावर काळे पट्टे, खालीवर लोंबणारे लांब पंख. एंजल म्हणतात, असं खुशबूनेच त्याला सांगितलं होतं. तळाशी चार दिवसांचे लाल दाणे फुगून पडले होते. तिकडे कोल्हापुरात, नव्या घरातल्या न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून नऊ वर्षांची खुशबू ते पाहत होती.

“आज पण नाही,” ती म्हणाली.

“खातीन. नवी जागा आहे नं त्यायले.”

“मला पण नवी जागा आहे. मी तर खाते.”

उद्या पुन्हा फोन करते असं सांगून तिने फोन ठेवला. खोलीत हवेच्या पंपाची घरघर तेवढी उरली.

रुचिता ही परसरामची एकुलती एक मुलगी. नागपूरला बँकेत होती, तिची बदली कोल्हापूरला झाली. सामान बांधायला मदत म्हणून परसराम तीन दिवस नागपूरला गेला होता, पण ट्रकवाल्याची माणसंच सगळं बांधत होती. त्याला कुणी काही उचलू देत नव्हतं. ट्रकवाल्याने पाण्यातला जीव न्यायला साफ नकार दिला आणि खुशबू टाकीसमोरून उठेना, तेव्हा परसराम म्हणाला, “मी नेतो साकोलीले.” तीन दिवसांत त्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच काम. जावई विनोद यांनी त्याला गाडीने आणून सोडलं. रिकामी टाकी मागे डिकीत, आणि पाण्याने भरलेल्या दोन जाड पिशव्या परसरामच्या मांडीवर. विनोदरावांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि अंधार व्हायच्या आत ते परत निघाले.

मासे परसरामला नवीन नव्हते. एकतीस वर्षं तो आरोग्य सेवक होता. हिवतापाचा माणूस. नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावांतून सायकलवर फिरायचा, तापाने फणफणलेल्यांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, गोळ्या द्यायचा. घराघरांतले माठ, रांजण, टाक्या उपड्या करायला लावायचा. जिथे पाणी ओतता येत नव्हतं तिथे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचा. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सोबतचे बरेच जण गोंदियाच्या यादीत गेले, परसराम साकोलीतच राहिला आणि इथूनच निवृत्त झाला. बस स्टँडमागे दोन खोल्या बांधल्या. त्या दोन खोल्यांत मंगला त्याच्याबरोबर जेमतेम पाच वर्षं राहिली. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

गप्पींना कधी भरवावं लागलं नव्हतं. डबक्यात सोडायचे आणि पुढच्या गावाला जायचं. हे चार मात्र खातच नव्हते. परसराम सकाळी मूठभर दाणे टाकायचा. खाल्ले नाहीत म्हणून दुपारी आणखी टाकायचा. मग टाकीसमोर कमरेत वाकून उभा राहायचा आणि काचेवर बोटाने टकटक करायचा. मासे आणखी मागे सरकायचे. पाणी गढूळ व्हायला लागलं होतं.

शेजारच्या देवकाबाई भाजीची वाटी न्यायला आल्या, त्यांनी दारातूनच पाहिलं. त्यांचे मालक होते तोवर त्यांच्या घरी हातमाग होता. आता त्याही एकट्याच होत्या, पण त्यांचा मुलगा साकोलीतच होता आणि दिवसाआड यायचा.

“खात नाही तं नका खाऊ देऊ, भाऊ. भूक लागन तवा खातीन.”

“चार दिवस झाले.”

“मंग सोडून द्या तलावात. कायले जिवाले घोर लावून घेता?”

“लेकरू रोज इचारते,” परसराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने भंडाऱ्याला गेला. तिथे माशांचं एक दुकान असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. दुकानात भिंतीला लागून टाक्याच टाक्या होत्या आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर तिशीची एक मुलगी बसली होती. रीता तिचं नाव. तिने परसरामचं सगळं बोलणं न तोडता ऐकून घेतलं.

“काका, पाण्यात हात घालून पाहिला का?”

“थंड आहे. डिसेंबर आहे नं.”

“अन् हीटर?”

परसरामला काचेची एक काळी दांडी आठवली. विनोदरावांनी ती स्वयंपाकघरातल्या सामानात टाकली होती, आणि ते सामान कोल्हापूरला गेलं होतं.

“दाने किती टाकता?”

“मूठभर. खात नाहीत मनून अजून टाकतो. मंग समोर उभा राहतो. काच वाजवतो.”

रीता हसली नाही. “थंडीनं अन् भेवानं तोंड बंद केलं त्यायनं. ते आजारी नाहीत. तुमी त्यायले अजून भेव देऊन राहिले.”

तिने एक हीटर काढून दिला आणि बोटांवर न मोजता, जसं आठवेल तसं सांगत गेली. पाणी हळूहळू गरम होऊ द्या, एकदम नाही. खाली कुजलेलं अन्न नळीने ओढून काढा. थोडं पाणी बदला, पण नळाचं ताजं नको, रात्रभर बादलीत ठेवलेलं. टाकीच्या तीन बाजूंना कागद चिकटवा. दिवा लावू नका. दोन दिवस काहीच खायला टाकू नका.

“काहीच नाही?”

“काहीच नाही. मासा आठ-दहा दिवस उपाशी राहते, मरत नाही. सडक्या पान्यानं मरते. अन् मंग जिवंत काही टाकून पाहा. डासाच्या अळ्या. वळवळ दिसली का त्याच्यानं राहवत नाही. पन माझ्यापाशी आता नाहीत, काका. थंडीत मिळनं कठीन आहे.”

“डासाच्या अळ्या,” परसराम म्हणाला.

“हो. मालूम आहे नं, कशा असतात?”

“मालूम आहे,” तो म्हणाला.

ती आणखी एक गोष्ट म्हणाली, तो पायरी उतरत असताना. “टाकल्यावर समोर उभे राहू नका. निघून जा.”

दोन दिवस त्याने सगळं तसंच केलं. टाकीला तीन बाजूंनी जुन्या कॅलेंडरची पानं लावली. खोलीतला दिवा घालवून तो संध्याकाळी स्वयंपाकघरात बसू लागला. खुशबूचा फोन यायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला कागद दाखवला, दुसऱ्या दिवशी हीटरचा लाल ठिपका दाखवला. तिला हे फार आवडलं. पाणी किती गरम झालं, मासे कोपऱ्यातून किती बोटं पुढे आले, ती विचारत राहायची आणि तो सांगत राहायचा. पूर्वी रुचिता रविवारी फोन करायची, तेव्हा खुशबू मागून फक्त “जयभीम आबाजी” म्हणून पळायची. आता ती वीस-वीस मिनिटं बोलत होती. शाळेतल्या बाई, घरामागचा चढ, तिथली मुलं तिच्या बोलण्याला हसतात ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी परसराम मोहटोल्याला गेला. नोकरीतली पहिली सहा वर्षं त्याने या गावात काढली होती. पिशवीत झाकणाची बरणी, चहाची गाळणी आणि पांढऱ्या इनॅमलचा लांब दांड्याचा डाव. या डावाने त्याने आयुष्यभर पाणी तपासलं होतं.

गावविहिरीपाशी त्याने डाव बुडवला. एक अळी नाही. गुरांच्या हौदात बुडवला. डावात इवलेसे चार गप्पी आले, फडफडून परत पाण्यात गेले. बोअरजवळच्या खड्ड्यातही गप्पीच. इथे शेवटचे गप्पी त्यानेच सोडले होते, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. हे त्यांच्या पिल्लांच्या पिल्लांची पिल्लं असणार.

एक म्हातारी काठी टेकत जवळ आली आणि डोळ्यांवर हात धरून पाहू लागली. “मलेरियावाले भाऊ नोहोत तुमी?”

परसरामने ओळखलं. रुखमा. हिचं घर परसरामच्या तेव्हाच्या सरकारी क्वार्टरच्या पलीकडे होतं. “होय, बाई.”

“आता कोनाले ताप नाही, जी, गावात.”

“रक्त घ्याले नाही आलो. अळ्या पाह्यतो.”

“अळ्या कुठून राहतीन? तुमचेच मासे खाऊन टाकतेत.” ती काठीने पलीकडे दाखवत म्हणाली, “तुमच्या जुन्या क्वार्टरमागं टाकं आहे, तिथं पाहा. तिकडं कोनी जात नाही.”

क्वार्टरचं छप्पर गेलं होतं. न्हाणीची भिंत आणि मागचं सिमेंटचं टाकं तेवढं शाबूत होतं. मंगला या टाक्यावर कपडे धुवायची. रुचिता इथेच रांगायला लागली होती. टाक्यात हातभर पाणी, त्यात सागाची कुजलेली पानं, आणि ऊन पडलेल्या बाजूला अळ्याच अळ्या. बहुतेक डोकं खाली करून पाण्याला उलट्या लटकलेल्या. काही मात्र पाण्याला समांतर, आडव्या. ती आडवी अळी हिवतापाच्या डासाची. परसरामने डाव घातला, गाळणीत घेतल्या, स्वच्छ पाण्यात दोनदा धुतल्या आणि बरणी भरून तोंडाला फडकं बांधलं.

पुन्हा लागल्या तर, म्हणून टाकं तसंच ठेवून तो निघाला. बसथांब्यापर्यंत गेला. तिथे काही वेळ उभा राहिला, मग परत आला, एक जुना खराटा शोधला आणि टाक्याच्या तळाचं भोक मोकळं केलं. सगळं पाणी जमिनीत जिरेपर्यंत तिथेच बसून राहिला. त्यात त्याची बस गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चमचाभर अळ्या टाकीत सोडल्या. सवयीने टाकीसमोर वाकला, आणि मग रीताचं बोलणं आठवून स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. भिंतीकडे तोंड करून.

तिथे त्याला मंगला आठवली. पोटाच्या दुखण्याने तिचं खाणं तुटलं होतं. शेवटच्या महिन्यात परसराम रोज पेजेची वाटी घेऊन तिच्या खाटेजवळ उभा राहायचा. एकतीस वर्षांची सवय होती त्याला. गोळी हातात देऊन निघून गेलं की लोक ती फेकून देतात, म्हणून समोर गिळायला लावायचं, तोंड उघडून दाखवायला सांगायचं. मंगलालाही तो तसंच म्हणायचा. “माझ्यासमोर खा. मी हालत नाही इथून.” ती दोन घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. एकदा ती म्हणाली होती, “तुमी जा जरा बाहेर. तुमी गेले का खातो.” ती फसवणार असं वाटून तो गेला नाही. उलट आवाज चढवून बोलला. त्यानंतर तिने बाहेर जायला सांगितलं नाही, आणि खाल्लंही फारसं नाही.

तिला काय हवं होतं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. कदाचित तिला घास गळताना दाखवायचा नसेल. कदाचित नुसतं एकटीने वाटीकडे बघत बसायचं असेल. परसराम पाटावर बसून राहिला. पंप घरघरत होता. बाहेर बसचा कंडक्टर लाखनी-भंडारा ओरडत होता.

बऱ्याच वेळाने तो चौकटीशी आला आणि नुसतं डोकं आत घालून पाहिलं. सर्वांत लहान मासा कोपरा सोडून मधोमध आला होता. एक अळी वळवळत वर निघाली होती. माशाने पंख आवरून घेतले, थांबला, आणि टपकन ती ओढून घेतली. मग दुसरी. मागचे तिघेही निघाले. पाच मिनिटांत पाणी स्वच्छ झालं.

परसराम घाईने मोबाइलकडे गेला. सकाळचे अकरा वाजले होते. खुशबू शाळेत, रुचिता बँकेत. रविवार नव्हता, सुट्टी नव्हती. त्याने मोबाइल परत ठेवला. देवकाबाईंना सांगावं म्हणून बाहेर आला, तर त्यांच्या दाराला कडी होती.

संध्याकाळी फोन आला.

“जेवले का?”

“नाही, बेटा,” परसराम म्हणाला. “अजून नाही.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. दुरुस्त करता आलं असतं. पण खुशबूने लगेच अळ्यांबद्दल विचारलं, तो मोहटोल्याचं सांगू लागला, आणि ती बोलत राहिली. दुसऱ्या दिवशीही तो नाही म्हणाला. फोन टाकीकडे वळवायचा तो कागदाच्या बाजूने, मासे दिसणार नाहीत असा. तिसऱ्या दिवशी अळ्यांबरोबर चुरलेले दाणे मिसळले, माशांनी तेही खाल्ले. तेव्हाही तो नाही म्हणाला. त्या दिवशी खुशबू पूर्वीसारखं फार बोलली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी रुचिताचा फोन आला. तिच्या मागे माणसांचा गलबला होता.

“बाबा, ऐका. पोरगी रात्री रडते. आपल्यामुळे ते उपाशी आहेत म्हणते, आपण सोडून आलो म्हणून. आज मी तिला सांगून टाकते, गेले म्हणून. एकदा रडन अन् विसरन. तुमी ते दुकानात देऊन टाका.”

परसराम टाकीसमोर उभा होता. लहान मासा काचेपाशी येऊन त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होता.

“ते खाऊन राहिले,” तो म्हणाला.

“काय?”

“खातात ते. चार दिवस झाले.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

तिकडे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. परसरामने ते पूर्ण होऊ दिलं.

“ती रोज फोन करत होती,” तो म्हणाला.

मग “मॅडम” अशी हाक ऐकू आली, पुन्हा एकदा आली. “बाबा, मी संध्याकाळी करते,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

संध्याकाळी दोघी एकाच मोबाइलसमोर बसल्या होत्या. परसरामने टाकीचे तिन्ही बाजूंचे कागद काढून टाकले होते. त्याने दाणे टाकले आणि मोबाइल डब्याला टेकवून स्वतः बाजूला झाला. मासे वर आले. खुशबू एकेकाचं नाव घेत मोजत होती. त्यांना नावं आहेत हे परसरामला त्या दिवशी कळलं.

“ते चार दिवसांपासून खातात, बेटा,” तो बाजूनेच म्हणाला. “मी तुले खोटं सांगतलं. चुकलं माझं.”

“का सांगितलं?”

“असंच.”

“बरं,” खुशबू म्हणाली. “छोट्याला थोडं जास्त देत जा. तो मागे राहतो.”

फोन ठेवताना रुचिता एवढंच म्हणाली, “बाबा, मे महिन्यात या इकडे. महिनाभर.” तो हो म्हणाला.

पुढे फोन दिवसाआड येऊ लागला, मग रविवारी. खुशबूला घरामागच्या चढावरची एक मैत्रीण मिळाली होती. पूर्वीसारखीच ती मागून “जयभीम आबाजी” म्हणायची, त्यात आता “मासे बरे आहेत ना?” एवढी भर पडली होती. परसरामने याचं वाईट वाटून घेतलं नाही. लेकराचं मन लागलं, हेच तर व्हायला हवं होतं. फक्त संध्याकाळी सात वाजता तो मोबाइल चार्जिंगवरून काढून जवळ ठेवायचा, ही सवय काही दिवस गेली नाही.

फेब्रुवारीत रीताचा फोन आला. परसराम मधून मधून दाणे आणायला तिच्याकडे जायचा. “काका, एका दातांच्या डॉक्टरनं नवी टाकी नेली माझ्याकडून. आठ दिवस झाले, मासे तोंड उघडत नाहीत. मले दुकान सोडता येत नाही. तुमी पाहून येता का?”

तो गेला. दवाखान्यातली टाकी पेशंट बसायच्या खोलीत, टीव्हीखाली ठेवली होती. येणारं प्रत्येक पोर काचेवर हात आपटत होतं. परसरामने टीव्ही बंद करायला लावला, तीन बाजूंना कागद लावला, तळ साफ केला, दोन दिवस काही टाकू नका म्हणून सांगितलं. नावं लिहून घेणाऱ्या सुमनबाईंना हे सगळं फारसं पटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो बरणी घेऊन पुन्हा आला. आता तो घरी जाळी बांधलेल्या बादलीत मोजक्या अळ्या वाढवत होता. दर सकाळी त्या गाळायचा, एकीचाही डास होऊ द्यायचा नाही.

चमचाभर अळ्या टाकून त्याने खोलीतल्या सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर यायची विनंती केली. लोक कुरकुरत व्हरांड्यात आले. त्याने दार लोटून घेतलं.

बाकावर गालाला रुमाल बांधलेली एक म्हातारी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“तुमचा नंबर कितवा?”

“माझा नंबर नाही, बाई.”

“मंग?”

“आत जेवन चालू आहे,” परसराम म्हणाला. “होऊ द्या मनलं.”

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि बाकावर थोडी सरकली. परसराम तिच्या शेजारी बसला, दाराकडे पाठ करून.